मधोमध डाग, कडेने नजर: मॅक्युलाच्या आजारात नवा नजरबिंदू शोधणं आणि पक्का करणं

मॅक्युलर डिजनरेशनचं, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होऊन नजरेच्या मधोमध डाग पडतो त्या आजाराचं, निदान होतं, चष्म्याचा नंबर बदलून आता उपयोग नाही असं डॉक्टर सांगतात, आणि घरची मंडळी सगळ्यात आधी भिंग आणतात. आजोबा भिंग अक्षरावर धरतात. अक्षर मोठं होतं, पण डाग असतो तिथेच असतो, मग मोठं झालेलं अक्षरही त्याच डागाच्या पोटात जातं. आठ दिवसांत भिंग ड्रॉवरमध्ये पडतं आणि ‘काही उपयोग नाही’ असा निकाल लागतो. चूक भिंगाची नसते. भिंग पुढे दिलेल्या सहा टप्प्यांपैकी पाचव्याचं काम आहे आणि ते पहिल्या दिवशी हातात दिलेलं असतं.

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी साधारण साडेपाच मिलिमीटरचा मॅक्युला असतो आणि त्याच्या केंद्रात जेमतेम दीड मिलिमीटरचा फोव्हिया. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं ही सगळी कामं या इवल्याशा जागेवर चालतात. दोन्ही डोळ्यांतली ती जागा निकामी झाली की मेंदू काही महिन्यांत आजूबाजूची एखादी शाबूत जागा निवडतो आणि तिच्यावर काम भागवू लागतो. डॉक्टर तिला प्रिफर्ड रेटिनल लोकस किंवा पीआरएल म्हणतात, मी नवा नजरबिंदू म्हणेन. तो बऱ्याच जणांत आपोआप तयार होतो. मात्र आपोआप निवडलेली जागा वाचनाला सोयीची असेलच असं नाही, आणि काहींचा डोळा दोन-तीन जागांमध्ये हेलकावत राहतो.

अपेक्षा आधीच नीट ठेवा. यातून पडदा बरा होत नाही. निरोगी डोळ्यातसुद्धा केंद्रापासून 5 अंश बाजूला गेलं की बारकावे टिपण्याची ताकद साधारण एक तृतीयांशावर येते, 10 अंशांवर एक पंचमांशावर. म्हणून कडेच्या नजरेला अक्षर मोठंच लागणार. या सरावाचा फायदाही सगळ्यांना सारखा होत नाही. उरलेली नजर वाया जाऊ न देणं, एवढंच आपल्या हातात आहे.

आजारी माणसाला हा लेख बहुधा दुसरंच कोणीतरी वाचून दाखवत असेल. तेही बरंच आहे, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यात समोर बसणारा एक जोडीदार लागतो.

तयारी: सुरू करण्याआधी

आधी तीन गोष्टींची खात्री करा.

एक, आजार कुठल्या प्रकारचा आणि कुठल्या अवस्थेत आहे. ओल्या प्रकारात (ज्यात पडद्याखालच्या नव्या रक्तवाहिन्यांतून गळती होते) डोळ्यात इंजेक्शनं चालू असतील तर डागाचा आकार अजून बदलू शकतो. सराव करायला हरकत नाही, पण नजर स्थिर झाली की दिशा पुन्हा तपासावी लागते. सरावापायी इंजेक्शनची तारीख कधीही पुढे ढकलू नका.

दोन, दोन्ही डोळे बाधित आहेत का. एकाच डोळ्यात डाग असेल आणि दुसरा चांगला असेल, तर मेंदू चांगल्या डोळ्यावर काम चालवतो आणि नवा नजरबिंदू तयार करण्याची त्याला गरजच वाटत नाही. अशा वेळी हा सराव करून फक्त डोकं दुखेल.

तीन, चष्मा ताजा आहे का आणि मोतीबिंदू तपासून झाला आहे का. ‘आता काही होणार नाही’ म्हणत तीन-चार वर्षं नंबरच न काढलेली माणसं कितीतरी भेटतात.

सामान घरातलंच आहे: जाड काळा मार्कर, पांढरे कोरे कागद, कागद उभा धरणारा स्टँड, मान वळवता येणारा टेबल लॅम्प, काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा आणि एक डोळा झाकायला पट्टी. वेळ 10 ते 15 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. सलग तासभर बसू नका. थकलेला डोळा जुन्या सवयीने मध्यभागी पळतो आणि मग सराव चुकीच्या गोष्टीचा होतो.

*भीती नको:* वापरल्याने डोळे झिजत नाहीत. वाचून डाग वाढत नाही.

टप्पा 1: डाग कुठे आहे ते शोधा

‘तुम्हाला मध्ये काळं दिसतं का?’ असं विचारलं तर अनेक जण सरळ ‘नाही’ म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. मेंदू डागाची जागा आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो. पांढऱ्या भिंतीकडे बघताना डाग पांढरा होतो, चादरीकडे बघताना चादरीच्या नक्षीचा. डाग दिसत नाही, त्याच्यामागे गेलेली वस्तू गायब होते. म्हणून ‘काय दिसतं’ असं विचारायचं नाही, ‘काय नाहीसं झालं’ असं विचारायचं.

जोडीदाराने समोर साधारण एक मीटरवर बसावं. एक डोळा झाका. दुसऱ्या डोळ्याने जोडीदाराच्या नाकाकडे सरळ बघा. आता सांगा: केस दिसतात? हनुवटी? डावा कान, उजवा कान? जे गायब आहे ते कागदावर लिहून ठेवा. मग दुसरा डोळा.

डॉक्टरांनी अ‍ॅम्सलरचा चौकटीचा तक्ता दिला असेल तर तोही इथे कामाला येतो. 10 सेंटिमीटरचा चौकोन, त्यात 5 मिलिमीटरची घरं. जवळचा चष्मा लावून साधारण 30 सेंटिमीटरवर धरला की एक घर म्हणजे जवळपास एक अंश. मधल्या ठिपक्याच्या दिशेने बघत कुठली घरं पुसली गेली किंवा वाकली ते मोजा.

*तपासा:* दोन डोळ्यांची उत्तरं वेगळी आली तर गोंधळू नका, तसंच असतं. पुढचे सगळे टप्पे जो डोळा जास्त चांगला आहे त्याच्यावर करायचे.

*सावधान:* सरळ रेषा अचानक वाकड्या दिसू लागल्या, किंवा गेल्या आठवड्यापेक्षा डाग मोठा वाटला, तर सराव थांबवा आणि लगेच पडद्याच्या डॉक्टरांना गाठा. पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघू नका.

टप्पा 2: घड्याळाने दिशा शोधा

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून घाई नको.

कागदावर साधारण 20 सेंटिमीटर व्यासाचं गोल घड्याळ काढा. 1 ते 12 आकडे जाड लिहा. मध्यभागी दोन-तीन सेंटिमीटरचं एक अक्षर काढा, समजा ‘क’. कागद डोळ्यांच्या पातळीवर, 40 सेंटिमीटरवर उभा ठेवा. कमजोर डोळा झाका.

आधी थेट ‘क’कडे बघा. तो नाहीसा होईल किंवा अर्धवट दिसेल. आता डोळा हळूहळू 12 च्या दिशेने न्या आणि लक्ष मात्र ‘क’वर ठेवा. ‘क’ आला का? किती स्पष्ट? मग 1, मग 2, असं पूर्ण चक्र करा. जोडीदाराने प्रत्येक आकड्यापुढे गुण लिहावेत: नाही, अर्धा, पूर्ण.

इथे हमखास अडचण येते. माणूस म्हणतो, ‘मला 12 दिसतच नाही, मग मी तिकडे बघू कसा?’ बरोबर आहे, दिसणार नाहीच. तुम्ही जिथे बघाल तिथे डाग जाणार, कारण डाग नजरेला चिकटलेला आहे. 12 दिसायची गरज नाही. डोळा त्या दिशेला वळवायचा आहे, बस. तुम्ही वर बघता तेव्हा डाग वर ढकलला जातो आणि ‘क’ त्याच्या खालून बाहेर पडतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं. नाही बसलं तर माणूस महिनाभर 12 वाचायचा प्रयत्न करत राहतो.

दुसरी चूक मानेची. ‘वर बघा’ म्हटलं की लोक हनुवटी वर करतात. मान वर गेली की डोळे आपसूक तेवढेच खाली वळतात आणि नजर होती तिथेच राहते. जोडीदाराने माणसाच्या बुबुळांवर लक्ष ठेवावं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस हनुवटीखाली मूठ टेकवून डोकं स्थिर ठेवलं तरी चालेल.

*तपासा:* वेगवेगळ्या दिवशी तीनदा घड्याळ करा. सकाळी एकदा, उजेडात एकदा, थकल्यावर एकदा. तिन्ही वेळा वरच्या क्रमांकावर येणाऱ्या दोन-तीन दिशाच खऱ्या.

टप्पा 3: चांगल्या दिशांमधून वाचनाची दिशा निवडा

घड्याळात 3 वर सगळ्यात स्पष्ट दिसलं म्हणून 3 घेतलं, असं करू नका. एक अक्षर बघणं वेगळं आणि ओळ वाचणं वेगळं.

मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. डोळा शब्दाच्या उजवीकडे नेला, म्हणजे 3 कडे, तर डाग उजवीकडे ढकलला जातो आणि पुढे येणारी अक्षरं गिळतो. डोळा डावीकडे, 9 कडे नेला तर पुढची वाट मोकळी होते, पण मागची अक्षरं आणि ओळीची सुरुवात डागाखाली जाऊ शकते. डोळा ओळीच्या वर किंवा खाली नेला तर डाग ओळीच्या बाहेर जातो आणि ओळ आडवी पूर्ण मोकळी राहते. म्हणून 12 किंवा 6 च्या आसपास बरं दिसत असेल, तर तिथे स्पष्टपणा किंचित कमी असला तरी मी आधी तीच दिशा देऊन बघते. दोन्हींत निवड असेल तर 12, कारण वर बघितलं की खालचा भाग उघडा राहतो आणि चालताना पायाखालचंही दिसतं.

आपल्या लिपीची एक खुबी आहे. अक्षराच्या वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार. म्हणजे डाग कुठून चावतोय ते चुकीच्या वाचनावरून कळतं. हे चार शब्द मोठ्या अक्षरांत लिहून वाचायला द्या:

मोर, मुळा, सुतार, घरटं.

‘मोर’चा ‘मार’ झाला तर डाग वरून खातोय. ‘मुळा’चा ‘मळा’ झाला तर खालून. ‘सुतार’चा ‘तार’ झाला तर डावीकडून, ‘घरटं’चं नुसतं ‘घर’ झालं तर उजवीकडून. गंमत म्हणजे वाचणाऱ्याला आपली चूक कळत नाही, कारण उरलेला शब्दही अर्थपूर्ण असतो आणि मोकळी जागा मेंदू भरून टाकतो. म्हणून जोडीदाराने लगेच ‘चुकलं’ म्हणू नये. चार शब्द होऊ द्यावेत, टिपून ठेवावं, मग सांगावं.

उपाय साधा आहे. ज्या बाजूने खाल्लं जातंय, त्याच बाजूला डोळा अजून थोडा ढकला. वर बघत असताना ‘मोर’चा ‘मार’ होत असेल, तर आणखी बोटभर वर बघा. डागाची कड अजून ओळीवरच रेंगाळते आहे. मात्र हवं त्याहून जास्त लांब जाऊ नका. जितकं लांब तितकं अक्षर पुसट. डाग जेमतेम बाहेर जाईल तेवढंच अंतर योग्य.

टप्पा 4: नजर तिथे टिकवा

दिशा सापडणं हे अर्ध्या तासाचं काम, टिकवणं आठवड्यांचं. आयुष्यभर ‘बघणं’ म्हणजे ‘मध्यभाग तिकडे नेणं’ अशीच डोळ्याची सवय असते. लक्ष थोडं हललं की डोळा जुन्या जागी उडी मारतो.

यासाठी खुंटा लागतो. 12 ची दिशा निवडली असेल तर कागदावर एक जाड, लांब, आडवी काळी रेघ काढा आणि तुम्हाला लागतं तेवढ्या अंतरावर तिच्या खाली एक मोठं अक्षर लिहा. नजर रेघेवर, लक्ष अक्षरावर. रेघ लांब का? डाग तिचा मधला तुकडा खातो, पण दोन्ही टोकं बाहेर दिसतात आणि मेंदू मधलं भरून टाकतो, त्यामुळे डोळ्याला धरायला काहीतरी मिळतं. टप्पा 1 मध्ये जी भरणी आपल्याला फसवत होती, ती इथे आपल्या बाजूने काम करते. खुंट्याला नुसता ठिपका काढलात तर तो डागात बुडेल आणि डोळा भरकटेल.

आधी 5 सेकंद टिकवा, मग 10, मग 20. बुबुळ खाली उडालं की जोडीदाराने टेबलावर टकटक करावी. बोलू नये, बोललं की लक्ष तुटतं. 20 सेकंद सलग पाच वेळा जमेपर्यंत पुढे जाऊ नका. कोणाला चार दिवस लागतात, कोणाला महिना.

*सावधान:* मान तिरकी करून जमवलं तर पंधरवड्यात मान धरेल. कागद वर-खाली करा, मान नको.

टप्पा 5: अक्षर, शब्द, ओळ, आणि मग भिंग

दोन सेंटिमीटरच्या सुट्या अक्षरांपासून सुरुवात करा. मग दोन अक्षरी शब्द, तीन अक्षरी, आणि शेवटी ओळ. प्रत्येक पायरीला दहापैकी नऊ बरोबर आले की पुढे.

ओळीवर आल्यावर सगळ्यात महत्त्वाचा बदल: डोळा स्थिर, कागद चालता. नेहमीच्या वाचनात डोळा ओळीवर उड्या मारतो. इथे प्रत्येक उडीत जुना मध्यभाग पुढे घुसतो आणि बिंदू सुटतो. म्हणून डोळा खुंट्यावर ठेवून कागद उजवीकडून डावीकडे हळूहळू सरकवायचा, जणू ओळच समोरून चालली आहे. सुरुवातीला जोडीदाराने सरकवावा. फोनवर एका ओळीत सरकणारी मोठी अक्षरं लावता आली तर तेही चालतं.

कडेच्या नजरेत शेजारची अक्षरं एकमेकांत मिसळतात. म्हणून शब्दांत आणि ओळींत भरपूर मोकळी जागा ठेवा. छापील मजकूर असेल तर काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी आडवी खाच पाडा आणि ती ओळीवर ठेवा. खालच्या-वरच्या ओळींची गर्दी जाते, पांढऱ्या कागदाची चमकही कमी होते. दहा मिनिटांत तयार होणारी ही वस्तू महागड्या उपकरणांपेक्षा जास्त कामाला आलेली मी पाहिली आहे.

उजेड भरपूर, पण डोळ्यात नाही. लॅम्प चांगल्या डोळ्याच्या बाजूने, खांद्यावरून कागदावर पडेल असा. खिडकीकडे तोंड करून बसू नका. उन्हातून आत आल्यावर नजर सावरायला या आजारात वेळ लागतो, तेवढा थांबून मग वाचायला बसा.

आता भिंग.

भिंगाशिवायही अक्षर मोठं करता येतं: अंतर निम्मं केलं की डोळ्यातली प्रतिमा दुप्पट होते. 40 सेंटिमीटरवरचा कागद 20 वर आणा. त्या अंतरासाठी जवळचा नंबर वाढवून घ्यावा लागेल, नाहीतर अक्षर मोठं पण धूसर दिसेल. भिंगाचं अंतर काढायचं तर 100 ला डायॉप्टरने, म्हणजे भिंगाच्या ताकदीच्या आकड्याने, भागा: 10 डायॉप्टरचं भिंग कागदापासून 10 सेंटिमीटरवर, 20 चं 5 सेंटिमीटरवर. लोक भिंग कागदाला चिकटवतात किंवा हातभर लांब धरतात, आणि दोन्हीत फायदा जातो. हातात धरायचं भिंग या अंतरावर धरून लांबच्या चष्म्यातून वापरा. कागदावर टेकणारं पायांचं भिंग असेल तर जवळच्या चष्म्यातून. हात कापत असेल तर पायांचंच घ्या.

*चूक:* ‘सगळ्यात मोठं दाखवणारं द्या.’ ताकद वाढली की भिंगात मावणारी अक्षरं कमी होतात. दोनच अक्षरं दिसली तर शब्द जुळत नाही. सहज वाचता येईल त्यातलं सगळ्यात कमी ताकदीचं भिंग निवडा, आणि नजर नव्या बिंदूवर टिकवूनच त्यातून बघा. जमत नसेल तर भिंग ठेवा आणि टप्पा 4 वर परत जा.

टप्पा 6: वाचनाबाहेर

चेहऱ्यांसाठी दिशा तीच, खुंटा वेगळा. 12 ची दिशा असेल तर समोरच्याच्या केसांच्या वर बघा, चेहरा खाली उघडेल. हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर ‘आजी माझ्याकडे बघतच नाही, डोक्यावरून बघते’ अशी तक्रार येते, आणि आजी बिचारी त्या क्षणी सगळ्यात नीट बघत असते. पेल्यात पाणी ओतताना पेला गडद पृष्ठभागावर ठेवा आणि नजर कडेच्या थोडी वर. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी लावा. केंद्रातली नजर गेलेली असताना गाडी चालवणं मात्र या सरावाने परत येत नाही.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण लोक ती लाजेने लपवतात. नजर गेलेल्या जागी कधीकधी न असलेल्या आकृत्या दिसतात: नक्षी, फुलं, छोटी माणसं, अनोळखी चेहरे. त्या खऱ्या नाहीत हे माणसाला कळत असतं. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. डोळ्यांकडून येणारी माहिती कमी झाली की मेंदू स्वतःची चित्रं काढतो. हे वेड नव्हे. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. मात्र आवाजही ऐकू येत असतील किंवा दिसतंय ते खरंच आहे असं माणूस मानत असेल, तर कारण दुसरं असू शकतं आणि ते तपासून घ्यायला हवं.

अडलं तर कुठे परत जायचं

अक्षर दिसतं पण शब्द हलतो: नजर टिकत नाही, टप्पा 4. शब्द वाचता येतो पण ओळीची सुरुवात सापडत नाही: ओळीच्या डाव्या कडेला जाड उभी रेघ मारा आणि आधी ती शोधा. एका डोळ्याने चांगलं, दोन्ही उघडले की गोंधळ: दोन डोळ्यांचे बिंदू जुळत नाहीत, वाचताना कमजोर डोळा झाका. तीन महिने जमत होतं आणि आता जमेनासं झालं: आधी डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या. डाग वाढला असेल तर जुनी दिशा बंद झालेली असू शकते. मग नवं घड्याळ काढायचं आणि टप्पा 2 पासून पुन्हा सुरुवात करायची. दुसऱ्या वेळी घड्याळ समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे काम लवकर उरकतं.